पंगतीचा पंचनामा

संग्रामने टेबलावर पंचवीस पाकिटं ओळीने मांडली, खिशातून कुंकवाचा करंडा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पद्मे, प्रत्येकाच्या कोपऱ्याला एकेक बोट लाव. बरं दिसतंय."

"हे काय आहे?" इरफानने चित्रातून मान वर न करता विचारलं.

"आमंत्रणं. बीटा टेस्टची."

"संग्राम, बीटा टेस्ट आहे. साखरपुडा नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला दोघांना जगरहाटी कळत न्हाई. नुसती लिंक पाठवली तर लोक काय म्हणतील? कोऱ्यांच्या पोरानं मोबाईलवर बोलावणं धाडलं, म्हणतील. आमच्या घराण्यात असलं झालेलं न्हाई."

त्याचं घराणं म्हणजे सांगलीतले जुने मंडपवाले कोरे. त्याने जन्मापासून लग्नंच पाहिली होती, त्यामुळे कुठल्याही कामाला तो आधी मांडव घालायचा. मी मुकाट्याने बोट कुंकवात बुडवलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. विश्रामबागेत किशोरभाईंचं चष्म्याचं दुकान होतं, त्याच्या माडीवरच्या खोलीत आम्ही तिघं मिळून एक मोबाईलचा खेळ बनवत होतो. इरफान मुजावर चित्रं काढायचा, मी त्या चित्रांना हलायला शिकवायची आणि संग्राम लोकांशी बोलायचा. खेळाचं नाव 'पंगत'. खेळणारा म्हणजे वाढपी. समोर पानं मांडलेली, माणसं बसलेली; मिनिटाच्या आत भात, वरण, भाजी, जिलबी ज्याच्या त्याच्या पानात ज्याच्या त्या जागी पडली पाहिजे. कुणी "पुरे" म्हणतं, कुणी "अजून" म्हणतं, कुणी हातच आडवा धरतं. एकूण बारा पंगती, एकीपेक्षा एक चढत्या भुकेच्या. हैदराबादची एक कंपनी खेळ बाजारात आणायला तयार होती. त्यांच्या ढोबळे मॅडम महिन्याअखेरीच्या सोमवारी येऊन बघणार होत्या आणि त्याआधी पंचवीस लोकांनी खेळून त्यातल्या चुका काढाव्यात अशी त्यांची अट होती. बीटा टेस्ट म्हणजे एवढंच.

"आता यादी," संग्राम म्हणाला. "पहिलं नाव थोरले मामा."

"मामा मोबाईलवर खेळतात?"

"मामांना फोन लावून दिला तर बोलतात. पण त्यांना वगळलं तर दिवाळीत घरी येणार न्हाईत. दुसरे किशोरभाई, जागेचे मालक. तिसरे आमच्या कॉलेजचे प्राचार्य. चौथ्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना बोलावलं तर उपाध्यक्षांना बोलवावंच लागतंय."

"जी पोरं दिवसभर मोबाईलवर खेळतात, त्यांना द्या की," इरफान म्हणाला. "ती तीन मिनिटांत चूक काढतील."

"पोरं कुठं जात्यात? पुढच्या खेपेला बोलवू. पोरं रुसत न्हाईत."

अशी चोवीस नावं झाली. सगळी माणसं प्रतिष्ठित, सगळ्यांचे फोन भारीतले. पंचविसाव्या पाकिटावर संग्रामने पेन टेकवलं.

"हे तुझ्या अण्णांना. आदिनाथ मगदूम. निरीक्षक, वजनमापे, निवृत्त."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, घरचा मान असतोय."

"अण्णांना द्यायचं नाही. त्यांच्या जागी तुझ्या मामींचं नाव लिही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. अण्णांना सांगली ओळखत होती.

बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे आणि मापं तपासली होती. निवृत्त झाल्यावरही बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत अर्ध्या किलोचं स्वतःचं वजन असायचं. मंडईत ते शिरले की तागड्या आपोआप सरळ व्हायच्या आणि आईला भाजी जरा जास्तच मिळायची, जी अण्णा घरी येऊन मोजायचे आणि जास्तीची परत नेऊन द्यायचे. पाचवीत माझ्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. प्रजासत्ताक दिनाचं, झेंड्याचं चित्र होतं. अण्णांनी ते हातात घेतलं, पट्टी लावली आणि म्हणाले, "वरचा रंग दोन मिलिमीटर जास्त आहे." त्यानंतर त्या चित्रात मला दुसरं काही दिसलं नाही. ते बरोबर होतं, हेच तर त्यांचं वाईट होतं.

शिवाय आमचा दोघांचा करार होता. नोकरी सोडून खेळ बनवायला मी एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात खेळ बाजारात गेला नाही, तर मी त्यांच्या खात्याची परीक्षा द्यायची आणि निरीक्षक व्हायचं. ते वर्ष याच महिन्याला संपत होतं. ज्याच्याशी करार त्याच्याच हातात खेळ तपासायला द्यायचा, एवढी मी काही भोळी नव्हते.

मी आणि संग्राम ती पाकिटं घेऊन घरोघरी गेलो. प्रत्येक घरी पोहे झाले. प्राचार्यांनी फोन माझ्या हातात देताना आधी तो रुमालाने पुसला. महिला मंडळाच्या अध्यक्षांनी खेळ फोनात घातल्याबरोबर माझी ओटी भरली. दहा दिवसांनी संग्राम छापील अभिप्रायपत्रं गोळा करून आणायला गेला आणि पेढे घेऊनच परत आला.

"पंचवीसपैकी पंचवीस!" त्याने कागद टेबलावर ओतले. "एकानं चूक काढली असली तर सांगा."

इरफान मोठ्याने वाचू लागला. "'स्तुत्य उपक्रम. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' 'आजच्या पिढीला आपल्या संस्कृतीची ओळख करून देणारा खेळ. संग्रामचे वडील माझे वर्गमित्र.' 'उत्तम. अप्रतिम. जिलबी हुबेहूब.' हे मामांचं आहे. पूर्ण कविता आहे, चार कडवी."

"बघितलंस?"

"संग्राम, यात 'काय चुकलं' असा रकाना होता ना?"

"होता. सगळ्यांनी तिथं 'काही नाही' लिहिलंय. चांगली माणसं आहेत."

मग इरफानने कोण कितव्या पंगतीपर्यंत पोचलं ते संगणकावर काढून पाहिलं. पंचविसांतला एकही माणूस तिसऱ्या पंगतीच्या पुढे गेला नव्हता. बहुतेक जण दुसरीतच अडकले होते. संग्रामने प्राचार्यांना फोन लावला. ते फार प्रेमाने म्हणाले, "अहो, खेळ छानच आहे. आमचेच हात आता चालत नाहीत. वय झालं."

"ऐकलंत? वय झालंय त्यांचं," संग्राम म्हणाला आणि पेढ्यांचा पुडा सोडला. मीही एक पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. 'उत्तम, अप्रतिम' हे शब्द माझ्या कामाला कुणी लावलेले मी पहिल्यांदा वाचत होते, आणि ते मी घरी नेऊन दोनदा पुन्हा वाचले.

त्या गुरुवारी जेवताना अण्णांनी विचारलं, "खेळाची तपासणी झाली म्हणे."

"चाचणी," मी म्हटलं. "झाली. काही निघालं नाही."

"कोणी केली?"

मी नावं सांगितली. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"अगोदर कळवलं होतं?"

"कळवलं म्हणजे? आमंत्रणपत्रं दिली होती. घरी जाऊन."

"आणि त्यांनी काय दिलं?"

"पोहे," मी म्हटलं. आई हसली.

"कळवून केलेल्या तपासणीला आमच्यात पाहुणचार म्हणतात," अण्णा म्हणाले आणि जेवू लागले.

"यांना का नाही गं दिलास?" आईने मध्येच विचारलं. "घरात एवढा तपासणारा माणूस."

"अण्णांचा फोन जुना आहे. त्यावर खेळ चालणार नाही."

हे साफ खोटं होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि आमटी मागून घेतली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या माडीच्या जिन्यावर चपला वाजल्या. दार उघडं होतं. अण्णा आत आले. अंगात निवृत्तीच्या दिवशी घातलेला पांढरा सदरा, काखेत फाईल, हातात कापडी पिशवी. त्यांनी दारातच उभं राहून आधी खोली पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग स्वतःचं घड्याळ.

"हे तीन मिनिटं पुढे आहे," ते म्हणाले.

संग्राम ताडकन उठला. "या काका, या! बसा. चहा सांगतो."

"चहा नंतर." तपासणी चालू असताना अण्णा कुठल्याही दुकानात पाणीसुद्धा घेत नसत. त्यांनी पिशवीतून तीन मोबाईल आणि एक स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं. एक मोबाईल त्यांचा, एक आमच्या शेजारच्यांचा आणि सोनेरी कडांचा तिसरा किशोरभाईंचा.

"अण्णा, तुम्हाला खेळ कुठून मिळाला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"मंगळवारी चष्म्याचा स्क्रू बसवायला खाली आलो होतो. किशोरभाई खेळत होते. त्यांच्याकडून घेतला." ते खुर्चीवर बसले. "चार दिवस खेळलो. बारावी पंगत उठवली."

"बारावी?" इरफान उडालाच. "काका, अभिनंदन! अजून कुणीच—"

"अभिनंदन कसलं? मी आयुष्यात पत्तेसुद्धा खेळलेलो नाही. माझ्या बोटांना थरथर आहे. मला जमायला नको होतं. जमलं म्हणून संशय आला."

मग त्यांनी फाईल उघडली. फुलस्केप कागद, बाजूला समास, सुवाच्य अक्षर.

"मी किशोरभाईंना विचारलं, तुम्ही कुठवर गेलात? म्हणाले, दुसरीत हरतो. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, दिवसभर बारीक स्क्रू बसवतात. मग मी त्यांच्या फोनवर खेळलो. मीही दुसरीत हरलो. मग हे काढलं." त्यांनी स्टॉपवॉचवर बोट ठेवलं. "तुमच्या खेळात प्रत्येक पंगतीला एक मिनिट आहे. ते मिनिट मी मोजलं. प्रत्येक फोनवर दहा-दहा वेळा. शेजाऱ्यांच्या फोनवर साठ सेकंद. माझ्या फोनवर अठ्ठ्याहत्तर. किशोरभाईंच्या फोनवर एक्केचाळीस."

"एकाच दुकानात तीन मापं," अण्णा म्हणाले. "जुन्या फोनवाल्याला जास्त, नव्या फोनवाल्याला कमी. हे घड्याळ कोणी लिहिलं?"

संग्राम खिडकीबाहेर बघू लागला. इरफानने पेन्सिलला टोक काढायला घेतलं.

"मी," मी म्हटलं.

मला एका क्षणात सगळं कळलं होतं. सेकंद मोजायला मी खरं घड्याळ वापरलंच नव्हतं. पडद्यावर साठ चित्रं उमटली की एक सेकंद झाला, असा मी हिशेब धरला होता. जुना फोन चित्रं सावकाश उमटवतो, नवा भराभर. आम्ही तिघं कायम इरफानच्या एकाच फोनवर खेळून बघायचो, आणि तो नेमका साठवाला होता.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. पुढे. क्रमांक दोन. मीठ पानाच्या वर मध्यभागी हवं, ते डावीकडे आहे. तीन. वरणाची बादली कधीच रिकामी होत नाही. मी नऊशे चौतीस वेळा वाढलं. चार. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना भात वाढताना मिशी असते, ताक वाढताना नसते."

"ती माझी चूक," इरफान पुटपुटला.

"पाच. 'पुरे' म्हणणाऱ्याला वाढलं तर गुण वाढतात."

"काका, त्याला आग्रह म्हणतात," संग्राम कळवळून म्हणाला.

"मग तो माणूस रडतो का?"

असे कागदावर कागद उलटत होते. विसाव्या क्रमांकाला माझा धीर सुटला.

"अण्णा, पुरे. पंचवीस लोक खेळले. मोठमोठी माणसं. सगळ्यांनी उत्तम म्हटलं. कुणाला काही दिसलं नाही, तुम्हालाच दिसलं. तुम्हाला माझ्या कामात खोटच दिसते. परवा मॅडम येणार आहेत. तुम्हाला मला परीक्षेलाच बसवायचं आहे ना? तसं सरळ सांगा."

संग्राम आणि इरफान यांना कुठे बघावं ते कळेना. अण्णांनी पेनाचं टोपण बंद केलं.

"पंचवीस माणसं हरली, पद्मा," ते म्हणाले. "आणि पंचविसांनाही वाटलं, आपल्यालाच जमत नाही. किशोरभाई मला म्हणाले, आता दुकान पोराच्या हवाली करावं, नजर गेली, हात गेला. तुझ्या खेळावरून म्हणाले. माप खोटं असलं ना, की माणूस दुकानदाराला बोलत नाही. घरी जाऊन स्वतःच्या बायकोला विचारतो, पीठ लवकर कसं संपलं? मी बत्तीस वर्षं तेवढ्यासाठी हिंडलो. मला दुसरं काही येत नाही."

त्यांनी शेवटचा कागद काढून टेबलाच्या मध्यभागी सरकवला. "हा पंचनामा. खाली दोन पंचांच्या सह्या लागतात. संग्राम, तू कर. मुजावर, तुम्ही करा."

दोघांनी न वाचताच निमूटपणे सह्या केल्या. अण्णांनी तिन्ही मोबाईल पिशवीत घातले, फाईल मात्र टेबलावरच ठेवली आणि जिना उतरून गेले. चहा राहिलाच.

मग संग्राम म्हणाला, "मॅडमना कळणार न्हाई. अभिप्राय दाखवू आणि रेटू. बाजारात आल्यावर दुरुस्त करू."

मला रेटायचंच होतं. वर्ष संपत होतं. पण मी चहा सांगायला जिन्यात आले, तर खाली दुकानात किशोरभाई कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते, आणि जिन्यातून मला त्यांचे हात दिसले. ते पुन्हा पुन्हा तपासून बघत होते, नीट बसली की नाही. मी परत वर आले.

"घड्याळ तासाभरात दुरुस्त होतं," मी म्हटलं. "पण मग बाराही पंगती पुन्हा कुणीतरी खेळून बघायला हव्यात. उद्याच्या उद्या. आणि मामा नकोत."

"मग कोण?" संग्राम म्हणाला. "एका दिवसात चुका काढणारी माणसं आणायची कुठून?" आणि बोलता बोलता तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका पवित्र आनंद त्याआधी पाहिला नव्हता. "आप्पांची वही!"

मंडपवाल्या कोऱ्यांच्या घरी एक वही होती. चाळीस वर्षांत त्यांनी जेवढी लग्नं उभी केली, त्यात कोण कशावरून रुसलं याची नोंद संग्रामचे वडील, आप्पा, ठेवत. पुन्हा त्या घरचं काम आलं की सावध राहता यावं म्हणून. त्या वहीतून आम्ही आठ नावं काढली. पापड मोडका आला म्हणून भरल्या पानावरून उठलेले निवृत्त मास्तर. दुसऱ्या पंगतीला बसवलं म्हणून अकरा वर्षं माहेरी न गेलेल्या सुलोचनाकाकू. जिलबी गार आहे हे सिद्ध करायला ती नवऱ्यामुलाच्या हातावर ठेवणारे एक पाहुणे. संग्रामने सगळ्यांना फोनवर एकच वाक्य सांगितलं, "उद्या दहाला या, चुका काढायच्या आहेत."

आठच्या आठ जण साडेनऊलाच हजर झाले. कुणाला कुंकू नाही, पोहे नाहीत. साधं पाणी विचारायचं नाही, असं मी संग्रामला बजावलं होतं, आणि तो दिवसभर हात मागे बांधून, पोटात दुखत असल्यासारखा उभा होता. आम्ही आठही जणांना वेगवेगळे फोन दिले, जुने, नवे, मधले. मी स्टॉपवॉच घेऊन बसले.

"हे काय? जिलबी आधी आणि मठ्ठा नंतर?" सुलोचनाकाकू पहिल्याच मिनिटाला कडाडल्या. "कुणाच्या घरची रीत ही?"

"यजमान कुठे आहे?" मास्तर म्हणाले. "एवढी माणसं जेवतायत, सावकाश होऊ द्या म्हणायला कुणी नाही? हे काय खानावळ आहे?"

"या पानापुढचा दिवा विझलाय."

"ही बाई माझ्याकडे बघून हसली. खेळातली. का हसली?"

इरफान दोन्ही हातांनी लिहून घेत होता. दुपारी दोनपर्यंत त्रेसष्ट तक्रारी झाल्या आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तक्रारी ऐकून भूक लागली. आठही फोनवर मिनिट साठ सेकंदांचं होतं. आठही जण सातवी ते नववी पंगत यांच्यामध्ये हरले आणि एकानेही वयाचं नाव काढलं नाही. सगळ्यांनी खेळालाच शिव्या घातल्या. जाताना सुलोचनाकाकूंनी संग्रामच्या पाठीवर हात ठेवला. "इतक्या वर्षांत कुणी तरी आपणहून विचारलं बाबा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत आम्ही जमेल तेवढं दुरुस्त केलं. मी घड्याळ आणि गुण, इरफानने मिशी. अण्णांच्या फाईलमधल्या त्रुटी एकेक करून वाचून दाखवण्याचं आणि दुरुस्त झाली की पुढे टिक करण्याचं काम मी त्याच्याकडे दिलं. ते अक्षर मला बघवत नव्हतं.

घरी अण्णा आणि मी शनिवारपासून बोलत नव्हतो. सोमवारी सकाळी निघताना मी त्यांचा फोन उचलला, नवा खेळ त्यात घातला आणि जागेवर ठेवून दिला. ते पेपर वाचत होते. पेपर हलला नाही.

ढोबळे मॅडम मूळच्या नागपूरच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. संग्रामने पंचवीस अभिप्राय त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी तीन वाचले, मामांची कविता दोन कडव्यांपर्यंत वाचली आणि गठ्ठा बाजूला सारला.

"हे मला प्रत्येक गावात मिळतं," त्या म्हणाल्या. "खरंच कोणी तपासलं का?"

मी फाईल दिली. संग्रामने डोळे मिटले. मॅडमनी पहिलं पान वाचलं, मग सावकाश दुसरं. वीस मिनिटं त्या वाचत होत्या आणि मध्येमध्ये फोनवर खेळ उघडून ताडून बघत होत्या. बादली त्यांनी रिकामी होईपर्यंत वाढली. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"अठ्ठेचाळीस त्रुटी. सत्तेचाळीसपुढे टिक आहे. शेवटची का नाही दुरुस्त केली?"

"ती दुरुस्त होईना," इरफान म्हणाला.

"कुठली?" मी विचारलं. मी ते पान पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "'त्रुटी क्रमांक अठ्ठेचाळीस. तपासणी शुक्रवारी सकाळी दहा वाजता पूर्ण झाली. त्यानंतर खेळण्याचे काही प्रयोजन नव्हते. तरीही दुपारी दोन तास व संध्याकाळी दीड तास खेळत राहिलो. कारण आढळून आले नाही. खुलासा व्हावा.'"

संग्राम आधी हसला, मग इरफान. मी फाईल ओढून घेतली आणि ती त्रुटी स्वतः वाचली.

"हे आदिनाथ मगदूम कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझे वडील."

"आमचे आणखी दोन खेळ आहेत. ते तपासायला हैदराबादला येतील का?"

"येतील," संग्राम म्हणाला. "पण चहा घेणार नाहीत."

मॅडमनी दुपारी करारावर सही केली. मी घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. अण्णा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते, फोन नाकापासून वीतभर अंतरावर, दोन्ही अंगठे पडद्यावर.

"घेतला त्यांनी खेळ," मी म्हटलं.

"बारावी पंगत," अण्णा म्हणाले. मान वर केली नाही. "चारदा हरलो."

"बरं."

"दुपारी किशोरभाईंकडे जाऊन आलो. त्यांच्या फोनवरही नवा घालून घेतला. तेही बारावीत हरले. म्हणाले, हा खेळच अवघड आहे." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दोघं सारखेच हरलो. माप बरोबर आहे."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा खेळात शिरले. मी स्वैपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि चक्क रडले. आईने भाकरी थापायची थांबवली.

"काय झालं? घेतला नाही का खेळ त्यांनी?"

"घेतला," मी म्हटलं. "अण्णा हरले."

आईने पिठाचे हात तसेच धरून बाहेर डोकावून पाहिलं.

"मग एकटेच हसतायत कशाला?"